एका कूलरच्या चार पन्हळी

आमच्या घरात शांतता पसरली की काहीतरी बिघडलं असं आम्ही समजायचो. पुढच्या खोलीत अब्बांचं पत्र्याचं काम चालायचं, मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो, आणि मधे दाराऐवजी गोणपाटाचा पडदा होता. पडद्यामुळे धूळ थोडीफार अडायची, आवाज मुळीच अडायचा नाही. पत्रा वाकवताना लाकडी मोगरीचा जाड आवाज, कडा ठोकताना हातोडीचा किणकिणाट, पत्रा कापताना कात्रीची दात आंबवणारी करकर, हे सगळं ऐकत मी पाढे पाठ केले, नमाज शिकले आणि तापात झोपलेसुद्धा. होळी जवळ आली की कूलरचा हंगाम सुरू व्हायचा, मग सकाळच्या चहापासून मगरीबच्या अजानपर्यंत ठोकाठोक चालायची. दुपारी कारागीर जेवायला उठले की एकदम सगळं गप्प व्हायचं, आणि आतल्या खोलीत डुलकी घेणारी अम्मी दचकून विचारायची, "क्या हुआ?" आता मी राहते त्या फ्लॅटमध्ये दिवसभर कुणी काही ठोकत नाही. लोक म्हणतात, किती निवांत आहे. मला अजूनही दुपारी झोप लागत नाही.

घरात अब्बा, अम्मी, मी आणि फुफ्फी अशी चार माणसं. फुफ्फी म्हणजे अब्बांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती आमच्याकडे आली आणि आल्या दिवसापासून घर तिचंच झालं. तिच्या जिभेला हाड नव्हतं. कुणाची बिर्याणी खारट झाली, कुणाच्या सुनेचा आवाज मोठा आहे, कुणाच्या मुलाला गणित येत नाही, हे ती त्यांना तोंडावर सांगायची आणि मग त्यांच्याच घरी चहा पिऊन यायची. अब्बा आणि अम्मी याच्या अगदी उलट होते. अब्बांचा जीव लिहाज, म्हणजे समोरच्याची भीड, सांभाळण्यात जायचा. गिऱ्हाइकाने चुकीचं माप दिलं तरी ते "हौ साहब, देखता ना" म्हणायचे आणि घरात येऊन कपाळाला हात लावायचे. मी अब्बांवर गेले होते. निदान तेव्हा तरी.

उर्दू शाळा लांब आणि मराठी शाळा गल्लीच्या तोंडाशी, एवढ्याच कारणाने मी मराठीत शिकले. घरात दखनी, शाळेत मराठी, आणि दोन्हीकडे मी दुसरीकडची वाटायचे. पुढे पॉलिटेक्निकला मेकॅनिकल घेतलं, त्याला कारण ती मोगरी. वर्गात मुलगी मी एकटीच. मुलं वाईट नव्हती. उलट इतकी सभ्य होती की पहिलं वर्षभर माझ्या शेजारचा बाक रिकामाच राहिला.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्टसाठी चौघांचे गट करायचे होते. आमच्या पाठक सरांनी एकच अट घातली होती. प्रत्येक गटात शहरात घर असलेला एक जण हवा, कारण कॉलेजचं वर्कशॉप संध्याकाळी बंद व्हायचं आणि हॉस्टेलवर ठोकाठोक चालायची नाही. झालं, शहरातल्या मुलांना एकदम भाव आला. गंगापूरकडची, कन्नडकडची, सोयगावकडची मुलं त्यांच्यामागे स्थळं बघायला निघाल्यासारखी फिरू लागली. घर मोठं आहे का, अंगण आहे का, आई कटकट करते का, सगळ्या चौकशा झाल्या. माझ्या घरी तर आख्खं वर्कशॉप होतं, आणि हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं. पण मला कुणी विचारलं नाही. मुलीच्या घरी कसं जायचं, तिचे वडील काय म्हणतील, अशी प्रत्येकाला भीड. मुलीने आपण होऊन कसं म्हणायचं, अशी मला भीड. शेवटच्या तासाला सरांनी विचारलं, कोण राहिलं? तेव्हा आम्ही चौघं उभे राहिलो.

मुकुंद राहिला होता कारण तो वर्गात पहिला यायचा आणि दुसऱ्याला बोलू द्यायचा नाही. त्याच्या वह्या सगळ्यांना हव्या असायच्या, मुकुंद कुणालाच नको असायचा. सिडकोत त्याचं घर होतं, पण त्याच्या आईने फरशीवर पत्रा घासलेला चालणार नाही असं आधीच बजावलं होतं. दिगंबर सोयगावचा. त्याच्या वडिलांची तिथे बाजारात अडत होती. गट ठरत होते त्या आठवड्यात तो चुलतबहिणीच्या लग्नात पंगती वाढत होता. आणि भानुदास. त्याचं गाव गंगापूरच्या पलीकडे, घरची मेंढरं, थोरला भाऊ वर्षातले बरेच महिने ती घेऊन रानोरान फिरणारा. भानुदास बिडकीनला त्याच्या अक्काकडे, म्हणजे लग्न झालेल्या बहिणीकडे राहून रोज एसटीने यायचा. तो मागच्या वर्षी याच प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत नापास झाला होता, म्हणून आमच्या वर्गात आला होता.

कसा नापास झाला हे त्याने पुढे एकदा भाकरी खाता खाता सांगितलं. त्याच्या गटातल्या मुलांनी त्याला झेरॉक्स काढायला आणि चहा आणायला ठेवलं. कामाला हात लावायला गेला की म्हणायचे, राहू दे, बिघडवशील. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, यातलं तू काय केलंस? तो उभाच राहिला. "खोटं बोलता येत नव्हतं आन् खरं सांगायला काय नव्हतं," तो म्हणाला. थोरल्याने त्यावर निरोप धाडला होता की आणखी एक साल बघतो, मग मात्र मेंढरांमागं ये, मला एकट्याला झेपत नाय. भानुदासला मेंढरांची लाज नव्हती, हे मुद्दाम सांगते. त्याला फक्त मशीन आवडायचं.

आम्ही कमी पाणी पिणारा कूलर करायचं ठरवलं. कल्पना अम्मीची, कारण आमच्या गल्लीत नळाला दिवसाआड पाणी आणि कूलरची टाकी म्हणजे घरातली सगळ्यात तहानलेली वस्तू. कामं वाटली. टाकी आणि डबा मी करायचा, मोटर आणि पंख्याचा स्टँड मुकुंदने, पंप दिगंबरने. आणि कूलरच्या वरच्या बाजूने फिरणारी पन्हळ, जिच्या भोकांतून पाणी गवताच्या जाळ्यांवर ठिबकतं, ती भानुदासने. पाणी वाचायचं किंवा वाया जायचं ते तिच्यातच.

शुक्रवारी दुपारी अब्बांचं काम बंद असायचं, तो दिवस आमचा. पहिल्या शुक्रवारी तिघं पडद्यापाशी असे उभे राहिले जसं काही आत दवाखाना आहे. अम्मीने खिचडी-खट्टा केला होता. मसूर घातलेली पिवळी खिचडी, वर चिंच-तिळाचा पातळ आंबट खट्टा, कडेला पापड आणि खिमा. मुकुंद मांस खात नाही हे कळल्यावर दुसऱ्या शुक्रवारी तिने शहागंजातून एक नवं कोरं पातेलं आणलं, ते कायमचं मुकुंदचं झालं. त्यात दुसरं काही कधी शिजलं नाही. दिगंबरने पहिल्या दिवशी खट्टा एका दमात पिऊन टाकला. अम्मीला वाटलं, याला फार आवडला. मग दर शुक्रवारी त्याच्या ताटात दोन वाट्या. तो बिचारा प्रत्येक वेळी एका दमात संपवायचा, कारण चिंच त्याला सोसायची नाही आणि चाखत प्यायची हिंमत नव्हती. हे आम्हाला कित्येक महिन्यांनी कळलं. आमचा गट कसा होता ते समजायला एवढं पुरे.

भानुदास अब्बांना चाचा म्हणायचा आणि त्यांच्या हाताकडे टक लावून बघायचा. कडा कशी वळवायची, मोगरी कुठून धरायची, सांध्याला डाख देताना पत्रा किती तापू द्यायचा, सगळं त्याने बघून उचललं. त्याने पन्हळ करून आणली तेव्हा तिच्या कडा इतक्या साफ होत्या की अब्बांनी त्यांवरून बोट फिरवलं. मग आम्ही तिच्यात पाणी सोडलं. पाइपाजवळच्या भोकांतून धो धो धार लागली, पहिली जाळी न्हाऊन निघाली, आणि शेवटच्या जाळीवर थेंब पोचला नाही. सारख्या मापाची भोकं सारख्या अंतरावर पाडली होती, त्यामुळे पाणी पहिल्या दारातूनच बाहेर पडत होतं. आम्हा तिघांनाही ते दिसलं. भानुदास आमच्या तोंडाकडे बघत होता.

"फिनिशिंग सुरेख आहे," मुकुंद म्हणाला.

"झकास," दिगंबर म्हणाला.

मी म्हणाले, "कडा काय वळवल्यात रे."

यातलं एकही खोटं नव्हतं. भानुदासचा चेहरा फुलला. बिडकीनला जाऊन त्याने दाजींकडून थोरल्याला निरोप धाडला की माझं काम झालं.

माझ्या मावसबहिणीची मुलगी परवा तिच्या कॉलेजच्या गटाचं बोलणं फोनवर दाखवत होती. एकाने काहीतरी अर्धवट करून पाठवलं होतं आणि खाली सहा जणांनी अंगठे आणि टाळ्या ठेवल्या होत्या. मी विचारलं, चांगलं केलंय का त्याने? म्हणाली, छे, मीच सगळं परत करणार आहे. मी म्हटलं, त्याला सांग. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी तिला कुणाच्या तोंडावर थुंकायला सांगितलं होतं. फुफ्फीसारखी माणसं आता फार राहिली नाहीत.

जोडणीचा शुक्रवार आला. बिडकीनची एसटी उशिरा आली म्हणून भानुदास अजून पोचला नव्हता. मुकुंदने इकडेतिकडे बघितलं, पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली लांब वस्तू काढली आणि घसा साफ करून म्हणाला, "हे बघा, भानूला वाईट वाटायला नको, म्हणून मी आपली एक..." ती पन्हळ होती. त्याने आकडेमोड करून एका दुकानातून करून घेतली होती. दिगंबर वाकला आणि त्याने आपल्या बॅगेतून भोकं पाडलेला प्लास्टिकचा पाइप काढला. मी पडद्यामागे गेले आणि अब्बांच्या जुन्या कूलरची पन्हळ कापून, रंगवून ठेवली होती ती घेऊन आले. आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो आणि मग हसू फुटलं. दिगंबर तर खाली बसला हसत. हसणं ओसरल्यावर मी मुकुंदला विचारलं, स्टँड कुठाय? त्याची भोकंच पाडायची राहिली होती. दिगंबरच्या पंपाची वायर जोडायची राहिली होती. माझ्या टाकीच्या एका कडेला डाख द्यायचा राहिला होता. तिघांचाही सगळा वेळ पन्हळीत गेला होता.

मागे वळले तर भानुदास उंबऱ्यात उभा होता. हातात अक्काने आमच्यासाठी दिलेल्या बोरांची पिशवी. त्याने जमिनीवर ओळीने ठेवलेल्या तीन पन्हळी बघितल्या. भिंतीला टेकवलेली चौथी बघितली.

"माझी बरी नव्हती व्हय?" त्याने विचारलं.

मुकुंद काहीतरी बोलू लागला, की बरी होतीच, फक्त थोडं पाणी, फक्त जरा. भानुदासने त्याचं सगळं ऐकून घेतलं. आवाज न चढवता तो म्हणाला, "मागल्या साली बी ह्येच झालं. त्यांनी हिडीसफिडीस करून केलं, तुमी मायेनं केलं. तो परीक्षक इचारंल, तू काय केलंस, तवा मी काय सांगू? ह्यातली कंची पन्हळ माझी म्हनू?"

त्याने बोरांची पिशवी उंबऱ्यावर ठेवली आणि गेला. मला रडू आलं. बोरं गोड होती, पण त्या दिवशी कुणी खाल्ली नाहीत.

पुढचा आठवडा तो कॉलेजला आला नाही. परीक्षा दीड-दोन महिन्यांवर आलेली. मुकुंद दर तासाला दाराकडे बघायचा.  शेवटी ठरलं की बिडकीनला जाऊन त्याला आणायचं. मला अब्बांनी जाऊ दिलं, पण सोबत फुफ्फी जाईल म्हणाले. फुफ्फीने पडद्यामागून सगळं प्रकरण ऐकलेलंच होतं. तिने डबा भरला, पान लावलं आणि एसटीत खिडकीची जागा पकडली. मुकुंद सगळ्या रस्ताभर काय बोलायचं त्याची तयारी करत होता. आधी माफी मागायची, मग भानूच्या कामातल्या चांगल्या गोष्टी सांगायच्या, मग हळूहळू मुद्द्यावर यायचं. आता एसटीच्या पाटीवर छत्रपती संभाजीनगर असतं, तेव्हा औरंगाबाद असायचं, पण बिडकीनच्या रस्त्यावर खिडक्या तशाच खडखडतात आणि माणसं तशीच मोठ्याने बोलतात. त्या खडखडाटात मुकुंदचं निम्मं भाषण वाया गेलं, ते बरंच झालं.

अक्काचं घर एका खोलीचं, पुढे पत्र्याची पडवी. तिने आम्हाला पाणी दिलं आणि लगेच चुलीपाशी बसून भाकऱ्या थापायला घेतल्या. भानुदास पडवीत खाली मान घालून बसला होता. मुकुंदने घसा साफ केला. पण फुफ्फीने पानाची पिंक टाकून आधीच सुरुवात केली होती.

"सुन बेटा. तेरी पन्हळ खराब है. ये तीनों को पहले दिन से मालूम था. तीनों मुँह में दही जमाको बैठे. शरम इनकू आना, तेरेकू नक्को."

मुकुंदचा चेहरा पांढरा पडला. दिगंबर पडवीचे वासे बघू लागला. मला वाटलं, आता हा उठून मेंढरांकडेच निघून जाणार. भानुदासने मान वर केली. इतक्या दिवसांत त्याला हे कुणीतरी पहिल्यांदा सांगितलं होतं.

"कुठं खराब हाय?" त्याने विचारलं.

"मेरेकू क्या मालूम," फुफ्फी म्हणाली. "पानी डालके देख."

अक्का चुलीपाशी हसली. मग ती म्हणाली, "भान्या, लोकं एवढ्या लांबून आली. जेव आन् जा त्यांच्यासंगं." आम्ही भाकरी आणि लसणाची चटणी खाल्ली. फुफ्फीने चटणीत मीठ कमी असल्याचं अक्काला सांगितलं. अक्काने उठून मीठ घातलं आणि दोघी पुढे अर्धा तास कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलत बसल्या. परत येताना भानुदास आमच्याबरोबर एसटीत होता.

अब्बांच्या दुकानात एक रीत होती. मी ती जन्मापासून बघत आले होते, पण ती आमच्या कामाची आहे हे मला सुचलं नव्हतं. नवी टाकी झाली की तिच्यात पाणी भरायचं आणि ज्याने ती केली त्याने खडू घेऊन गळती शोधायची. जिथून थेंब सुटेल तिथे त्यानेच खूण करायची, त्यानेच डाख द्यायचा. बाकीचे कारागीर भोवती उभे राहायचे, पण हात पाठीमागे बांधून. अब्बा स्वतःसुद्धा. एरवी गिऱ्हाइकापुढे मान तुकवणारे अब्बा या एका बाबतीत कुणाचं ऐकायचे नाहीत. मी त्यांना विचारून त्यांचा खडू घेतला आणि भानुदासच्या हातात दिला.

त्या संध्याकाळी त्याने आपल्या जुन्या पन्हळीत पाणी सोडलं आणि आम्ही तिघं हात पाठीमागे बांधून उभे राहिलो. आयुष्यात मी अवघड कामं केली आहेत, एकदा बंद पडलेल्या कारखान्याची लाइन सुरू केली आहे, पण नुसतं उभं राहण्याइतकं अवघड काही केलेलं नाही. पाणी पहिल्या जाळीवर धो धो पडत होतं. मुकुंदच्या तोंडात उत्तर असं आलं होतं की त्याचे ओठ हलत होते. दिगंबर एकदा पुढे सरकला, मी त्याच्या पायावर पाय दिला. भानुदासने बोलायला मात्र बंदी केली नव्हती. उलट त्याने विचारलं, "काय दिसतंय ते सांगा. काय करायचं ते सांगू नगा."

"इकडे भिजतंय, तिकडे कोरडं आहे," मी म्हणाले. एवढं साधं वाक्य. ते महिन्यापूर्वी म्हणाले असते तर काय बिघडलं असतं?

त्याने बऱ्याच पन्हळी बिघडवल्या. अब्बांनी पत्र्याचे तुकडे त्याच्यासाठी वेगळे ठेवले. एकदा त्याने सगळीच भोकं बारीक केली, तर पाणी पन्हळीच्या कडेवरून सांडलं. एकदा पन्हळ तिरकी बसवली, तर शेवटची जाळी भिजली आणि पहिली कोरडी राहिली. मग एका दुपारी तो पाण्याकडे बघता बघता थांबला आणि म्हणाला, "मेंढरं पाण्यावर नेली ना, की दांडगी असतात ती म्होरं घुसतात आन् सगळी जवळच्याच कडंला दाटी करतात. तिकडं कुंड रिकामं राहतं. मग थोरला जवळची वाट आवळून धरतो. एकेकच सोडतो. तवा मागली म्होरं जातात." त्याने पाइपाची जागा कोपऱ्यातून मधे आणली, खडू घेतला आणि नव्या पत्र्यावर पाइपाजवळ बारीक ठिपके, पुढे मोठे, त्याच्यापुढे आणखी मोठे, असे ठिपके काढत गेला. मग त्याच मापांची भोकं पाडली. त्या पन्हळीत पाणी सोडलं तेव्हा तिन्ही जाळ्या एकसारख्या ओल्या होत गेल्या आणि खाली टाकीत परत येणारं पाणी अगदी थोडं होतं. फुफ्फीने पडद्यातून डोकं काढलं, जाळीला हात लावून बघितला आणि "हौ, अब ठीक है" म्हणून आत गेली. भानुदासला तिची पावती आमच्या सगळ्यांच्या कौतुकापेक्षा मोठी वाटली, आणि बरोबरच होतं.

त्यानंतर आमच्या गटाची तोंडं उघडली. माझी टाकी मागच्या कोपऱ्यातून गळते हे भानुदासनेच मला सांगितलं, तेही अब्बांच्या देखत, आणि मी खडू घेऊन खाली बसले. मुकुंदला दिगंबरने सांगितलं की तू समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाहीस. मुकुंद म्हणाला, "मी कुठे..." आणि थांबला. आणि एका शुक्रवारी दिगंबरने सगळा धीर एकवटून अम्मीला सांगितलं की काकू, मला चिंच सोसत नाही. अम्मीने हातातली वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "इत्ते महिने?" आणि इतकी हसली की डोळे पुसावे लागले. पण जरा दुखावलीही होती. पुढचे दोन शुक्रवार तिने त्याला पापडही वाढला नाही.

तोंडी परीक्षेच्या दिवशी आम्ही अब्बांच्या ओळखीच्या टेम्पोतून कूलर नेला. बाहेरगावाहून आलेले परीक्षक वयस्कर होते, हसत नव्हते. पाठक सर त्यांच्या शेजारी बसले होते. आधी मला टाकीबद्दल विचारलं, मग दिगंबरला पंपाबद्दल, मुकुंदला स्टँडबद्दल. मुकुंदने विचारलं तेवढंच सांगितलं, यावर पाठक सरांनी भुवया वर केल्या. मग परीक्षक पन्हळीपाशी वाकले.

"ही कुणी केली?"

"म्या केली, साहेब."

"भोकं सारखी का नाहीत?"

भानुदासने सांगितलं. आधी जरा अडखळला, मग पाइप कुठे आहे, पाण्याचा जोर कुठे जास्त, कुठे कमी, आधीच्या पन्हळी कशा चुकल्या, एकेक करत सगळं सांगत गेला. मेंढरांचंही सांगितलं. परीक्षकांनी उलटसुलट प्रश्न विचारले, त्याने सगळ्यांची उत्तरं दिली. एकदा "ते मला म्हाईत नाय" असंही म्हणाला, तेसुद्धा मान वर करून. मी पाठीमागे हात बांधून उभी होते.

"आणि या तिघांनी काय मदत केली तुला यात?" परीक्षकांनी विचारलं.

भानुदासने आमच्याकडे बघितलं. त्याचा चेहरा अभिमानाने भरून आला होता. "कायच नाय, साहेब," तो म्हणाला. "कुणी हात बी लावला नाय."

परीक्षकांनी चष्मा काढला आणि आम्हा तिघांकडे आळीपाळीने बघितलं. "एका गटात आहात ना तुम्ही?" ते म्हणाले. "एक मुलगा पुन्हा परीक्षेला बसतो, एकटा झगडतो, आणि तुम्ही बघत राहता?"

मुकुंदने तोंड उघडलं. त्याला सगळं नीट सांगता आलं असतं, दोन मिनिटांत परीक्षकांचं मत फिरवता आलं असतं. पण आम्ही सोबत होतो, आम्ही दाखवलं, आम्ही सुचवलं, असं एक वाक्य जरी बोललो असतो तरी त्या पन्हळीवर पुन्हा चौघांचे हात दिसले असते. मुकुंदने तोंड मिटलं. दिगंबर खाली बघत होता. मीही काही बोलले नाही, आणि त्या वेळी मला कसली भीड नव्हती. परीक्षकांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. पाठक सरांनी खिडकीबाहेर बघितलं.

निकाल लागला तेव्हा आम्ही चौघं एकत्र बोर्डापाशी गेलो. भानुदास पास होता, चांगल्या मार्कांनी. आम्हा तिघांना गटकार्याचे मार्क आख्ख्या वर्गात सगळ्यात कमी होते, आणि तेवढ्यानेच मुकुंदचा पहिला नंबर गेला होता. तीन वर्षं त्याने तो कुणाला दिला नव्हता. भानुदासने बोर्डावरून बोट फिरवत आधी स्वतःची ओळ वाचली, मग आमच्या ओळी. मुकुंदच्या ओळीवर त्याचं बोट थांबलं.

"ह्ये माझ्या बोलण्यानं झालं," तो म्हणाला. "मी सरांना सांगून येतो. तुमी किती राबलात ते सांगतो." तो निघालाच होता. मुकुंदने त्याची बाही धरली.

"गप उभा राहा."

"पन ह्ये खोटं हाय."

"हाय," मुकुंद म्हणाला. "राहू दे. तुझी ओळ वाच परत. मघाशी आमचं तिकडे लक्षच नव्हतं."

 भानुदास बोर्डाकडे वळला, आपल्या नावाखाली बोट धरलं आणि नाव, गाव, मार्क, पास, सगळं मोठ्याने वाचलं. आम्ही तिघं ऐकत उभे राहिलो.